खांदा सोडता नये

१९ फेब्रु., बुध.

आज डस्टर फेकला. प्रसादला नाही, त्याच्या मागच्या भिंतीला. तरी तो खाली वाकला आणि बाकीचे खदाखदा हसले. संगणकाच्या 'किल' आज्ञेला मराठीत काय म्हणायचं यावर वाद चालला होता आणि हे महाशय म्हणाले, "प्रक्रिया-समाप्ती". मी म्हटलं, समाप्ती सप्ताहाची होते. चालू प्रोग्रॅम मारावा लागतो. तुझी आई कोंबडं कापताना 'समाप्ती करते' म्हणते काय रे?

प्रसाद भिंतीवरचा खडू पुसत म्हणाला, "मग 'मुरगाळ' ठेवू, मॅडम. मुरगाळूनही मेला नाय, तर 'कोयता'."

ठेवलं. इंग्रजीत तरी दुसरं काय आहे? मारा, लटकवा, बॉम्ब टाका. मागे उरलेले प्रोग्रॅम अनाथ काय, मढी काय. ज्यांनी ही नावं ठेवली ते सगळे बापाचा मार खाऊन मोठे झाले असणार, माझ्यासारखेच. क्लासची आठही मुलं मराठी शाळेतली, इंग्रजी शब्द आला की तोंडं पडतात. 'मुरगाळ' म्हटल्यावर मात्र एकूण एकाने प्रोग्रॅम मारून दाखवला. खाली गॅरेजवाला पत्रा ठोकत होता आणि वर आमचं हे.

२१ फेब्रु., शुक्र.

विभा हर्ण्याची आहे, घरची होडी. यादीतला मधला भाग कापून घेण्याला इंग्रजीत 'स्लाइस' म्हणतात, असं सांगेपर्यंत तिचा हात वर. "तुकडी, मॅडम. डोकं बाजूला, शेपूट बाजूला, मधली सुरमईची तुकडी. आमची आय डोळं मिटून करते." पुढचा तास कोणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांना भूक लागलेली.

न संपणाऱ्या लूपला प्रसादने 'चकवा' म्हटलं. त्याचे आजोबा एकदा जत्रेहून येताना चकव्यात सापडले, उजाडेपर्यंत एकाच मळ्याला फेऱ्या मारत होते. "बाहेर पडायची अट लिवलेली नव्हती, मॅडम." असा माणूस पुण्यात इतकी वर्षं नोकरी केली तरी शेजारच्या खुर्चीवर मिळाला नाही. इथं गॅरेजच्या माडीवर मिळाला, तोही आमच्याच गावचा, वरच्या वाडीतला. आम्ही खालच्या वाडीतले. आजवर आमच्यात फक्त मयताला जाणं-येणं.

२३ फेब्रु., रवि.

गावी. बागेची राखण द्यायची राहिली होती म्हणून आईने कोंबडा आणवला. पाय मी धरले. आई म्हणाली, "तोंड फिरव गो." नाही फिरवलं. रक्त चपलेवर उडालं. डोकं नसताना तो फणसापर्यंत धावला आणि तिथं पडला.

न दिसता मागे चालू राहणारा, न झोपणारा, काम चुकलं तर धरणारा प्रोग्रॅम. त्याला इंग्रजीत 'डीमन' म्हणतात. आपल्याकडे त्याला वर्षातून एकदा कोंबडा मिळतो. 'राखणदार' लिहिलं वहीत.

बाबांचा पट्टा अजून माजघराच्या दारामागे खिळ्याला आहे. बाबा जाऊन किती वर्षं झाली, आई तो काढत नाही आणि मी हात लावत नाही. माझ्या डाव्या खांद्यावर त्याच्या बक्कलचा वण आहे. तो माझ्या वाट्याचा नव्हे, धाकट्या भावाच्या, दिनेशच्या वाट्याचा. तो माझ्या पाठीमागे लपायचा आणि मी सरकायची नाही. आता मुंबईला क्रेन चालवतो, सहा फूट वाढलाय.

२७ फेब्रु., गुरु.

चूक झाली की प्रोग्रॅम हातातलं काम टाकून वर तक्रार करतो. त्याला 'गाऱ्हाणं'. यावर कुणाचं दुमत नव्हतं. इंग्रजीत ते 'फेकतात', आपण ते घालतो. पण घातलेलं गाऱ्हाणं झेलणाऱ्याला काय म्हणायचं? मी 'झेल' म्हटलं, प्रसादने मान हलवली. "देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तवा झेलतो कोण? आपण सगळे. 'व्हय म्हाराजा' म्हणतो म्हणून ते लागू व्हतं. कोणच बोललं न्हाय तर गाऱ्हाणं तसंच लोंबकळत ऱ्हाणार."

मग काय, सगळ्या वर्गाने एका सुरात 'व्हय म्हाराजा'. गॅरेजवाला जिन्यातून वर बघून गेला. प्रोग्रॅमचं अगदी तसंच आहे, कोणी 'व्हय' म्हटलं नाही की जागच्या जागी मरतो. इतकं बरोबर नाव इंग्रजीतही नाही.

२ मार्च, रवि.

शिमगा जवळ आला. गावकीच्या अध्यक्षांनी बोलावलं होतं. चाकरमानी दोन-तीन दिवसांची रजा काढून येतात आणि पालखी आपल्या दारी कधी येणार याची वाट बघत बसतात. फोनवर पालखी कुठं आली ते दिसेल असं काही करा म्हणाले. प्रसाद आणि मी करतो म्हटलं. दोन वाड्यांतली दोन माणसं एका कामाला लागली म्हणून अध्यक्षांनी चहाबरोबर खोबऱ्याची वडी दिली.

घरं फिरून फोनवर जागा टिपून घेतल्या. परतताना बोलत होतो, एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टीला कुलूप घालतात, त्याला काय म्हणायचं. प्रसाद यंदा पहिल्यांदा पालखीला खांदा देणार आहे, महिनाभर चप्पल घातलेली नाही. म्हणाला, "खांदा. एकदा घेतला की दुसरा येऊन घेईपर्यंत सोडता नये. सोडला तर पालखी भुईला लागली. पालखी भुईला लागली की संपलं सगळं."

'खांदा' लिहिलं. वहीतलं आत्तापर्यंतचं सगळ्यांत चांगलं नाव.

६ मार्च, गुरु.

पालखीचा नकाशा चालू झाला. कोणतं घर कोणानंतर, हे सध्या प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. जवळचं घर आधी, मग त्याच्या जवळचं. आमची नेहमीची रीत, आधी चालतं करायचं, मान नंतर घालायचा. मान म्हणजे खरा क्रम. पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, उठते ती सरळ वरच्या वाडीत थोरल्या घरी जाते, म्हणजे प्रसादच्या चुलत्यांकडे. आमचं घर सहाणेला लागून, पण पालखी आमच्या दारावरून न थांबता पुढे जाते. आई दरवर्षी आरती घेऊन उभी असते आणि पालखी तिच्यासमोरून निघून जाते. सगळं फिरून झालं की शेवटी येते.

हे आम्हा दोघांनाही आईच्या दुधाबरोबर माहीत. तरी चाचणी म्हणून गावच्या ग्रुपवर लिंक टाकली. बघा, नकाशा उघडतो का.

नकाशा उघडला. पहिलं घर, आमचं.

संध्याकाळी दिनेशचा मुंबईहून फोन. इतका हसरा आवाज त्याचा कधी ऐकला नव्हता. "ताय, गावकीनं पयला मान आपल्याला दिला! आवशीला सांग, यंदा पालखी पयली आपल्या दारात!"

७ मार्च, शुक्र.

क्रम दुरुस्त केला. ग्रुपवर लिहिलं की ती चाचणी होती. दहा मिनिटांत खालच्या वाडीतून फोनवर फोन. कोणी म्हणे दिलेला मान काढून घेतला, कोणी म्हणे वरच्यांनी दाब टाकला. मी सांगते आहे की बाबांनो, यंत्राला फक्त अंतर कळतं. एक काका म्हणाले, "यंत्राला कळला तो खरा न्याय. माणसानं बदलला तो खोटा." मी फोन आपटला.

दिनेशला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा शिव्या घातल्या. तो एवढंच म्हणाला, "तू केलंस आणि तूच पुसलंस. त्या वरच्या पोरासाटी."

८ मार्च, शनि.

क्लासच्या खिडकीवर दगड. काच विभाच्या कीबोर्डवर पडली, तिच्या मनगटाला तीन ओरखडे. खाली जाऊन बघते तर एक मोटरसायकल वळताना दिसली. गॅरेजवाल्याने पान्हा घेऊन कोपऱ्यापर्यंत पाठलाग केला. नंबर दिसला नाही. प्रसाद काचा वेचत म्हणाला, "वरचे नसतील मॅडम, वरचे मला मारतील." मग म्हणाला, "खालचे पण नसतील."

राग इतका आला की उरलेली काच मीच ठोसा मारून पाडली.

१३ मार्च, गुरु.

गावी. होम लागला. लाकडं दरवर्षीसारखी चोरूनच आणलेली. त्यात वरच्या वाडीतला एक अख्खा दरवाजा होता, कडीकोयंड्यासकट. होमात गेलेलं परत मागता येत नाही, तो नियम. मालक आगीसमोर उभा राहून आपला दरवाजा जळताना बघत होता आणि आमची पोरं त्याच्या नावाने बोंबा मारत होती. बोंबा दरवर्षीच्या, शिव्या दरवर्षीच्या, पण यंदा कोणी हसत नव्हतं.

दिनेश सकाळीच आला. परसात बसून कोयत्याला धार लावत होता. विचारलं तर म्हणाला, नारळ सोलायला. पालखीला नारळ लागतातच. आईने त्याला पाणी नेऊन दिलं, धार लावताना दगडावर टाकायला.

१५ मार्च, शनि.

आज नको.

प्रसादची दोन बोटं.

१६ मार्च, रवि.

लिहायला हवं. चार दिवसांनी मीच म्हणेन की असं नव्हतं, तसं होतं.

पालखी काल सकाळी सहाणेवरून उठली. ढोल, ताशा, गुलाल. पुढच्या दांड्याला उजव्या बाजूला प्रसाद. अनवाणी, डोक्याला फेटा, तोंडभर हसू. मी आमच्या पायरीवर, आई माझ्या पुढे आरती घेऊन. पालखी दारासमोर आली आणि खालच्या वाडीतले पंधरा-वीस जण आडवे झाले. "पयली हितं." वरचे म्हणाले, वाट सोडा. ढोल थांबले नाहीत, म्हणून कोण काय बोलतंय ते अर्धंच कळत होतं. कोणीतरी दांड्याला धरून आमच्या अंगणाकडे ओढलं. वरच्यांनी वरच्या बाजूला ओढलं. पालखी मध्ये हेलकावे खात होती, आतल्या देवाची चांदीची रूपं खडखडत होती. मग काठ्या. माझ्या चुलतभावाच्या डोक्यात एक बसली, तो तिथंच खाली बसला आणि रक्त त्याच्या कानामागून सदऱ्यात. एका म्हाताऱ्याला कोणी लाथ मारली. बायका किंचाळत होत्या, त्यातली एक मी. मी शिव्या देत होते. दोन्ही वाड्यांना.

दिनेश आमच्याच पायरीवरून गेला. माझ्या खांद्याला घासून. हातात कोयता.

त्याने दांड्यावर मारला. पहिला घाव. लाकडात एक बोट खोल गेला, प्रसादच्या हातापासून वीतभर लांब. सगळे एक क्षण मागे झाले. प्रसादही मागे होऊ शकला असता. पण त्याच्या मागचा भोई काठीच्या भीतीने आधीच खांदा सोडून गेला होता. आता यानेही सोडला असता तर पालखी भुईला. तो दोन्ही हातांनी दांडा धरून उभा राहिला आणि ओरडला, "खांदा द्या कोनतरी! खांदा द्या!"

दिनेशने कोयता लाकडातून ओढून काढला. प्रसादच्या हाताकडे बघितलं. आणि पुन्हा उचलला.

बघितलं. मग उचलला. हे मी इथं लिहून ठेवते आहे.

करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट. उजव्या हाताची. बोटं आमच्या अंगणात सारवलेल्या जमिनीवर पडली, गुलाल आणि रक्त कुठलं कुठलं कळत नव्हतं. तरी त्याने दांडा सोडला नाही. दुसऱ्या कोणी येऊन खांदा घेतला, तेव्हा सोडला आणि मग कोसळला. पालखी भुईला लागली नाही. नंतर लोक तेच सांगत होते एकमेकांना, पालखी लागली नाही, देवाने राखलं.

बोटं मी उचलली. आईच्या हातातल्या तबकातलं कापड घेऊन त्यात गुंडाळली. रिक्षात मांडीवर घेऊन रत्नागिरीला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, चेचली आहेत. एवढंच.

दुपारी घरी आले तर दिनेश मागच्या दारी हात धूत होता. मी त्याच्या तोंडात मारली. मग पुन्हा. मग बाबांचा पट्टा खिळ्यावरून काढला आणि मारत सुटले. पाठीवर, मांडीवर, दिसेल तिथं. सहा फुटांचा माणूस, त्याने हात वर केला नाही. लहानपणी बसायचा तसाच चुलीजवळ पोटात डोकं घालून बसला. आई मध्ये पडली तेव्हा तिच्याही हाताला एक लागला. मग मी पट्टा तिथंच टाकून बाहेर आले.

तो संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेला. आईने डबा बांधून दिला.

१८ मार्च, मंगळ.

हॉस्पिटल. प्रसादचा हात उशीवर, बँडेजचा मोठा गोळा. त्याची आई माझ्याशी बोलली नाही, पण खुर्ची सरकवून दिली.

मी विचारलं, "पोलिसांना काय सांगितलंस?"

"मी पुढं बघत व्हतो, मॅडम. दांड्याकडं. कोन व्हता, दिसला न्हाय."

खोटं. दिनेश त्याच्या तोंडासमोर उभा होता. मी तसं म्हटलं. तो छताकडे बघत म्हणाला, "तुमी हाव म्हनून न्हाय. गाव हाय म्हनून." पुढे पुटपुटला, डाव्या हाताने कंस टाइप करायला फार वेळ लागतो.

मला त्यालाही मारावंसं वाटलं.

२१ मार्च, शुक्र.

पोलीस घरी आले होते. साक्षीदार म्हणून माझं नाव कोणीतरी दिलं. आई आतून म्हणाली, "तिला काय दिसनार, ती माज्या मागं व्हती." हवालदार म्हणाले, जबाब ठाण्यात येऊन द्या, तारीख कळवू.

ते गेल्यावर आई भांडी घासत राहिली. "कोयता सुटला त्याच्या हातातनं. सुटतो कदी कदी."

"सुटला नाही आई. त्याने उचलला."

"तू त्येचा मार खाल्लास गो ल्हानपनी. बापसाच्या पुढं उबी ऱ्हायलीस. आता तूच त्येला बेड्या घालनार?"

माझा भाऊ आहे. त्याचं नाक मी पुसलं आहे, त्याच्या पहिल्या पगारातून त्याने मला घड्याळ घेतलं, ते आत्ता हातात आहे. मी त्याच्यावर प्रेम करते आणि त्याला गाडून टाकावंसं वाटतं, दोन्ही एकदमच.

२४ मार्च, सोम.

क्लास सुरू केला. खिडकीला पुठ्ठा. फळ्यावर अजून जुनी नावं होती, 'मुरगाळ', 'कोयता'. कोणी पुसली नव्हती आणि कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. विभाचा प्रोग्रॅम अडकला. मी सवयीने म्हटलं, मुरगाळ. नाही मेला. आता पुढचा शब्द बोलायचा होता. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी जाऊन तिच्या संगणकाची वायरच उपटली.

विभा म्हणाली, "मॅडम, 'खांदा' तरी ठेवू या." तेवढं ठेवून बाकी फळा पुसला.

२७ मार्च, गुरु.

गावकी बसली. दोन्ही वाड्यांचं ठरलं. एकमेकांवरच्या तक्रारी मागे. हॉस्पिटलचं खालचे बघतील. मार दोन्हीकडे बसला, डोकं यांचं फुटलं, बोटं त्यांची गेली, आता गाव फुटता नये. प्रसादच्या बापानेही मान हलवली. पाडव्याला देवळात गुरव गाऱ्हाणं घालतील आणि मिटलं. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "ताय, तू शिकलेली. तू समजूतदारपना दाखव." म्हणजे जबाब काय द्यायचा ते त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, पुढच्या शिमग्याला पालखी कोणाच्या दारी आधी? तर सगळे माझ्यावरच खेकसले.

३० मार्च, रवि., पाडवा

गुढी उभारून सगळे देवळात. दिनेश आला होता. माझ्याकडे बघितलं नाही. प्रसाद समोरच्या खांबाशी, हात गळ्यात बांधलेला.

गुरवाने नारळ धरला. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"दोन्ही वाड्यांची लेकरं तुजीच म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"सनाच्या गर्दीत कुनाच्या हातातनं कोयता सुटला आसंल, कळत-नकळत जी चूक झाली ती पोटात घे म्हाराजा, आनि आजपासनं ह्यो इषय कुनी काडू नये म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

पहिल्या दोन्ही वेळा मी म्हटलं. लहानपणापासूनची सवय, आपोआप तोंडातून येतं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. दात एकमेकांवर इतके दाबले की कानशिलात कळ गेली. शेजारी आई मोठ्याने म्हणाली, दोघींचं एकटीने. दिनेश म्हणाला. प्रसादचा बाप म्हणाला.

समोर प्रसादचे ओठ हलले नाहीत.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. देवळात शंभर माणसांचा आवाज घुमत होता, आम्ही दोघं गप्प आहोत हे कोणाला कळलं नाही. आईला कळलं. तिने माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. गुरवाने नारळ फोडला.

बाहेर चपला घालताना प्रसाद जवळून गेला. म्हणाला, "मी बोलाया गेलो आनि झालंच न्हाय, मॅडम." बस. पुढे गेला.

३१ मार्च, सोम.

ठाण्यातून फोन. उद्या अकराला या.

दिनेशचा फोन रात्रीपासून चार वेळा. पाचव्यांदा घेतला. मग तो म्हणाला, "ताय, मी पयला घाव दांड्यावरच घातला व्हता."

"मी बघितलं."

"मग दुसरा कसा गेला, माजं मलाच न्हाय कळत."

तो रडत होता. मीही रडले. फोन ठेवताना त्याने विचारलं नाही की तू काय सांगणार. विचारलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

१ एप्रिल, मंगळ.

पोलीस ठाणे. बाकावर. अकरा वाजून गेले, साहेब कुठे तरी गेलेत.

सकाळी आईने भाकरी वाढली नाही. पण निघताना दारात उभी होती. माजघराच्या दारामागचा खिळा रिकामा आहे, पट्टा कुठे गेला मी विचारलं नाही.

प्रसाद बाहेर झाडाखाली उभा आहे. त्याला बोलावलेलं नाही, त्याचा जबाब झालाय. कशाला आलास म्हटलं. "खांदा बदली," म्हणाला आणि डाव्या हाताने फोन काढून उगाच बघत बसला. त्याला आत जायचं आहे की मला सोडायला आलाय, काही कळत नाही. मी विचारणार पण नाही. मी सांगितलं तर त्याचा जबाब खोटा ठरतो. मी नाही सांगितलं तर माझा.

महिनाभर जगातल्या प्रत्येक गोष्टीला नाव देत होतो. आता एकच नाव द्यायचंय, ते मीच ठेवलेलं. दिनेशच्या बारशाला आत्या नव्हती म्हणून कानात सांगायला मला पुढे केलं होतं. मी चार वर्षांची. कुऽऽर्र करून सांगितलं होतं.

हाक आली. आधी माझं नाव विचारतील. मग